आधी अंथरूण, मग तंबू: गाडीने कॅम्पिंगला जाताना सामान कसं निवडावं, भरावं आणि वापरावं

पाठीवर सॅक टाकून चालत निघालेला माणूस टूथब्रशचंही वजन मोजतो. गाडी दिमतीला असली की ती चिंता मिटते आणि खरेदीला ऊत येतो. घडीचं टेबल, खुर्च्या, भलामोठा तंबू, दोन-दोन कंदील, सगळं डिकीत कोंबलं जातं. तरीही पहाटे तीनला गारठून जाग येते, तंबूच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं असतं आणि टॉर्च नेमका सगळ्यात खालच्या पिशवीत असतो.

गाडीने जाताना वजनापेक्षा झोप, जागा आणि सामान भरण्याचा क्रम यांना जास्त महत्त्व आहे. पैसेही त्याच हिशेबाने खर्च करावेत: आधी पाठीखालचं अंथरूण, मग पांघरूण, मग तंबू, मग शेगडी आणि आइस बॉक्स. टेबल-खुर्च्यांचा नंबर शेवटचा. बहुतेक जण तंबूपासून सुरुवात करतात आणि गादीपाशी येईपर्यंत बजेट संपलेलं असतं.

पाठीखाली काय घालायचं

पांघरूण कितीही जाड असलं तरी अंगाखाली दबलेला त्याचा भाग ऊब धरत नाही. ऊब राहते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि आपल्या वजनाने ती हवाच निघून जाते. म्हणजे जमिनीकडे जाणारी उष्णता अडवायची ती गादीनेच. तिची ही ताकद ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यात सांगतात. उबदार रात्रींना १ ते २ पुरते. पारा ५ ते १० अंशांपर्यंत उतरणार असेल तर ३ ते ४ हवी, शून्याखाली ५ च्या पुढे. हा आकडा मोजायची एएसटीएम एफ३३४० ही प्रमाणित पद्धत २०१८ मध्ये आली. त्याआधी जो तो आपल्या रीतीने मोजायचा, त्यामुळे जुन्या गाद्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आर-व्हॅल्यूची बेरीज होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ३ ची गादी आणि तिच्याखाली २ ची फोमची चटई, म्हणजे ५. चटई खाली घातली की काटे-खड्यांपासून गादीही वाचते.

घरी पाहुण्यांसाठी वापरतात ती वीतभर जाडीची हवेची गादी दिसायला ऐसपैस, पण थंडीत ती सगळ्यात वाईट. आत मोठी पोकळी असते. तिथली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली नेऊन सोडते. ती वापरायचीच असेल तर तिच्यावर, म्हणजे अंगाच्या बाजूला, फोमची चटई किंवा जाड ब्लँकेट घाला. गाडीच्या सहलीसाठी आमची पसंती आत फोम असलेल्या, आपोआप फुगणाऱ्या ७ ते १० सेंटिमीटर जाडीच्या गादीला. गुंडाळली तरी ती बरीच जागा खाते, पण डिकीतली तेवढी जागा तिला खुशाल द्यावी.

मुक्कामी पोचल्यावर गादी आधी उलगडा आणि झडप उघडून अर्धा तास पडू द्या. उरलेली हवा पंपाने भरा. तोंडाने फुगवलं तर श्वासातली वाफ आत जाते आणि काही महिन्यांत आतून बुरशी धरते. दाब बरोबर आहे का हे कुशीवर झोपून बघायचं: कंबरेचं हाड जमिनीला लागता कामा नये, पण गादी फळीसारखी टणकही नको. संध्याकाळी ३० अंशांना भरलेली हवा रात्री १० अंशांवर आली की तिचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे मध्यरात्री गादी जराशी मऊ लागली तर ती पंक्चरच असेल असं नाही. झोपण्याआधी पुन्हा दोन-चार पंप मारले की काम होतं. उलट, टणक भरलेली गादी भर उन्हात बंद गाडीत राहू देऊ नका. हवा प्रसरण पावते, आतले कप्पे जोडणारे शिवण-पट्टे सुटतात आणि गादीला पोट सुटतं. त्याला दुरुस्ती नाही.

पंक्चर शोधायला गादी टणक फुगवा आणि साबणाचं पाणी स्पंजने फिरवा. बुडबुडे दिसतील तिथे पेनाने गोल करा. मग हवा काढा, जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, ठिगळ लावा आणि डिंकाच्या पाकिटावर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत त्यावर वजन ठेवा. घाई केली की ठिगळ त्याच रात्री सुटतं.

पांघरूण

स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ या मानकानुसार तीन तापमानं छापलेली असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे साधारण बांध्याची स्त्री अंग सैल सोडून निवांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम हा जीव वाचण्याच्या हद्दीचा आकडा, झोपेशी त्याचा संबंध नाही. पिशवीवर ठळक अक्षरात बहुधा लिमिट किंवा एक्स्ट्रीम असतं, तेव्हा लेबल उलटसुलट करून कम्फर्टचा आकडा शोधा आणि अपेक्षित किमान तापमानापेक्षा तो ५ अंशांनी खालचा घ्या. गरम होत असेल तर चेन उघडता येते. बॅग पातळ पडली तर मात्र रात्री तिचं काही करता येत नाही.

गाडीत जागा असते, म्हणून निमुळत्या ‘ममी’ आकारापेक्षा पूर्ण उघडणारी चौकोनी बॅग सोयीची: हवी तर रजईसारखी पांघरता येते. पिसांची बॅग हलकी असते, पण ओली झाली की गोळा होऊन बसते. कृत्रिम तंतूंची बॅग ओलेपणीही थोडी ऊब देते आणि घरी धुता येते. उबदार रात्रींसाठी घरचंच पांघरूण घेऊन गेलात तरी चालेल. थंडी वाजते म्हणून तोंड बॅगेत खुपसू नका. श्वासाने आतलं भरण ओलसर होतं आणि पहाटे थंडी वाढते. डोक्यावर लोकरीची टोपी घाला.

तंबू: अंथरूण मोजून घ्यायचा

‘चौघांचा तंबू’ म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील इतकी जागा, एकाला जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर. जाड गाद्या ६५ ते ७५ सेंटिमीटर रुंद असतात. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण मोजून तंबू घ्यावा. गाद्यांच्या रुंदीची बेरीज करा, सामानासाठी ४० सेंटिमीटर वाढवा आणि तंबूच्या जमिनीच्या मापाशी ताडून पाहा. साधारणपणे दोघांना चौघांचा आणि चौघांना सहाजणांचा तंबू लागतो. त्याहून मोठा घेऊ नका. मोठ्या तंबूत वारा जास्त भरतो, सपाट जागा मिळणं अवघड होतं आणि तो वाळवायलाही दुप्पट जागा लागते.

दुपदरी तंबूच घ्या: आत हवेशीर कापड आणि जाळी, वर फ्लाय, म्हणजे जलरोधक बाहेरचं कापड. फ्लाय जमिनीच्या जवळपर्यंत खाली आलेला असावा. फक्त टोपीसारखा माथा झाकणारा फ्लाय तिरक्या पावसात कुचकामी ठरतो. जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये देतात. कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. फ्लायला किमान १,५०० आणि तळाला ३,००० हवा. गुडघा टेकला की त्या एका ठिकाणी पाण्याचा दाब फार वाढतो, म्हणून तळ जास्त मजबूत लागतो. पॉलिएस्टरचा फ्लाय ओला झाल्यावर नायलॉनइतका सैल पडत नाही आणि उन्हातही जास्त टिकतो. वजनाची फिकीर नसताना पॉलिएस्टरच बरा. फायबरग्लासचे पोल स्वस्त, पण मोडताना उभे चिरतात आणि कुसळं हातात घुसतात. ॲल्युमिनियमचा पोल वाकतो, पण वेळ निभावून नेतो. कुठलेही असले तरी मोडलेल्या जागेवर सरकवायची १५ सेंटिमीटरची नळी आणि चिकटपट्टी सोबत ठेवा.

नवा तंबू पहिल्यांदा उभारायचा तो घराजवळ, दिवसाउजेडी. उभा केल्यावर पाण्याच्या नळीने १५ मिनिटं पाऊस पाडा आणि आत बसून शिवणी बघा. थेंब दिसला तिथे खूण करा आणि वाळल्यावर शिवण भरायचं द्रावण आतून लावा. खुंट्या, पोल, दोऱ्या मोजायच्या त्याही तेव्हाच.

उभारायची पद्धत अशी:

१. जागेवर स्वतः आडवे पडून बघा. उतार थोडा असेल तर डोकं चढाच्या बाजूला येईल असं तोंड ठरवा. काटे, खडे, काटक्या हाताने वेचा.

२. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर आत राहील अशी अंथरा. ती बाहेर डोकावली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट तंबूखाली जातं. तंबूत पाणी शिरण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, आणि दोष मात्र कापडाला दिला जातो.

३. वाऱ्याकडची अरुंद बाजू आधी खुंट्यांनी पक्की करा, मग पोल उभे करा. पोल ढकलायचे, ओढायचे नाहीत. ओढले की सांधे निसटतात.

४. खुंटीचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं आणि टोक तंबूच्या दिशेने जमिनीत, म्हणजे दोर खुंटीला काटकोनात ओढला जातो. कडक जमिनीला २० ते २५ सेंटिमीटरच्या पोलादी खुंट्या आणि हातोडा लागतो. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोर बांधा आणि ती दोन फूट खोल पुरा.

५. ताणदोर सगळे बांधा, आकाश निरभ्र असलं तरी. फ्लाय आतल्या कापडाला कुठेही टेकता कामा नये.

६. अंधार पडण्यापूर्वी आणि पाऊस पडून गेल्यावर दोऱ्या पुन्हा ताणा.

सकाळी आतून पाणी टपकलं तर तंबू गळतोय असं लगेच ठरवू नका. झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ थंड फ्लायवर जमून थेंब होतात. वरच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवणं हाच त्यावर उपाय. ओले कपडे आत वाळत घालू नका.

जागा आणि गाडी

कोरडा ओढा सपाट आणि मऊ दिसतो, पण पाऊस वर कुठेतरी पडला तरी पाणी खाली येतं. तिथे मुक्काम नको. वाळक्या फांद्यांखालीही नको. अगदी खोलगट जागेत रात्री थंड हवा साचते, थोडं उंचावर गेलात तरी फरक जाणवतो. पाण्यापासून ६० मीटर दूर राहा. शौचाचा खड्डाही तेवढाच दूर आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल.

वाळक्या उंच गवतावर गाडी उभी करू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) इतका तापलेला असतो की गवत पेटू शकतं. गाडीचं तोंड बाहेर जायच्या रस्त्याकडे ठेवा.

शेगडी

टेबलावर ठेवायची दोन बर्नरची शेगडी गाडीला सगळ्यात सोयीची. अडीच किलोवॉटचा एक बर्नर पूर्ण आचेवर तासाला सुमारे १८० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे २२० ग्रॅमचं डबडं सव्वा तासाच्या आत संपतं. एक लिटर पाणी उकळायला सुमारे १५ ग्रॅम लागतो, वाऱ्यात त्याच्या दुप्पटही लागू शकतो. तेव्हा वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा. फक्त तो डबड्याभोवती गुंडाळू नका. शेगडीच्या पोटात आडवं बसणारं डबडं असेल तर त्याच्या कप्प्याच्या झाकणावर येईल इतकं रुंद भांडं किंवा तवा ठेवू नका. भांड्याची धग खाली परतते, डबडं तापतं आणि फुटतं. हे अपघात खरोखर होतात.

गारठ्यात ज्योत मलूल होते त्याचं कारण गॅसच्या जातीत आहे. ब्युटेन उणे ०.५ अंशांच्या खाली वायुरूप होत नाही, आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत चालतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. शिवाय गॅस बाहेर पडताना डबडं स्वतःच थंड होत जातं, त्यामुळे बाहेर ५ अंश असले तरी निव्वळ ब्युटेन कुरकुरतं. थंडीत प्रोपेन मिसळलेली डबडी घ्या आणि ती रात्री पांघरुणाजवळ ठेवा. डबडं आचेवर गरम करायचा विचारही नको. बंद गाडीत उन्हात ठेवू नका. ५० अंश ही त्यांची हद्द असते आणि डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो. नळी किंवा रेग्युलेटर जोडला की सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा.

तंबूत किंवा गाडीत शेगडी, कोळसा, काहीही पेटवू नये. विझत आलेले निखारेही आत आणू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. गाडीत झोपायचं असेल तर इंजिन बंद ठेवा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या २-३ सेंटिमीटर उघड्या ठेवून जाळी लावा. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि एक किलोचं पावडरचं अग्निशामक घ्याच.

आइस बॉक्स

बर्फाचं काम वितळताना होतं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल उष्णता शोषतो, पण त्याचं पाणी शून्यावरून ५ अंशांवर जाताना फक्त २१. आता ३० अंशांवरची एक लिटरची बाटली पेटीत ठेवली, तर तिला ५ अंशांवर आणायला १०५ किलोजूल काढून घ्यावे लागतात. त्यात तीनशे ग्रॅमहून जास्त बर्फ जातो. अशा सहा बाटल्या ठेवल्या की जवळपास दोन किलो बर्फ त्यातच गेला. म्हणून पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार करा. पेटीही रिकामी तापलेली नको. बर्फाचा एखादा तुकडा टाकून ती आदल्या रात्रीच थंड करा.

पेटीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग बर्फाला द्या. लादी चुऱ्यापेक्षा खूप सावकाश वितळते. लिटरभराच्या बाटल्यांत पाणी गोठवलं तर वितळल्यावर पिताही येतं आणि सांडलवंडही होत नाही. (बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं.) वितळलेलं थंड पाणी लगेच ओतून देऊ नका, ते हवेपेक्षा बरंच गार असतं. फक्त अन्न बंद डब्यात ठेवा. पेये आणि अन्न यांच्या पेट्या वेगळ्या असल्या तर उत्तम, कारण पेयांची पेटी दर दहा मिनिटांनी उघडते. आत एक थर्मामीटर ठेवा. ५ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं शिजवलेलं अन्न, दूध, मांस टाकून द्या. ३२ अंशांच्या पुढच्या उकाड्यात ही मुदत एकच तास.

पाणी आणि वीज

पिण्या-शिजवण्याला माणशी दिवसाला ५ लिटर, धुणं-भांडी धरून १० लिटर. वीस लिटरच्या एका कॅनऐवजी दहाचे दोन घ्या. एक फुटला तरी दुसरा राहतो आणि उचलताना कंबर धरत नाही. ओढ्याचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

विजेचा हिशेब वॉट-तासांत करा. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातला साधारण ४० टक्के वेळ चालतो, म्हणजे ४३० वॉट-तास. दिवे २५, दोन फोन ४०. एकूण पाचशे. हे गाडीच्या बॅटरीतून घेतलं तर सकाळी गाडी सुरू होणार नाही: इंजिन बंद असताना तासाभराने मोजलेला १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. वेगळं पॉवर स्टेशन, म्हणजे सोबत नेता येणारी मोठी बॅटरी, घ्या आणि गाडी चालताना ते भरा. १२ व्होल्टच्या सॉकेटमधून १० अँपिअरने तीन तासांत जेमतेम ३०० वॉट-तास मिळतात, म्हणून फ्रिज असेल तर मोठं घ्या. फ्रिज नसेल तर लहान पॉवर बँकही पुरते आणि बरेच पैसे वाचतात. शून्याखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज करू नये. माणशी एक हेडटॉर्च मात्र हवाच, तोही गाडीत हाताशी.

गाडी भरणं

दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत गाडीची भारक्षमता दिलेली असते. त्यात माणसंही धरलेली असतात. टपाची मर्यादा बहुधा ५० ते ७५ किलो, रॅकचं वजन धरून. टपावर हलकं आणि फुगीर सामानच ठेवा. पाणी, आइस बॉक्स, बॅटरी या जड वस्तू तळाशी आणि मागच्या सीटला टेकवून, पट्ट्याने बांधून. आरशातून मागचं दिसलं पाहिजे. पूर्ण भाराला लागणारा टायरचा दाब त्याच चौकटीवर छापलेला असतो, निघण्यापूर्वी तो भरून घ्या.

भरायचं ते उलट क्रमाने. पोचल्यावर सगळ्यात आधी आडोशाची ताडपत्री लागते, मग तंबू, मग गाद्या, मग स्वयंपाक. म्हणून खुर्च्या आणि कपडे आधी आत, ताडपत्री सगळ्यात शेवटी. पावसात पोचलात तर ३ बाय ४ मीटरची ताडपत्री गाडीच्या टपाला आणि दोन काठ्यांना बांधा, एक कोपरा मुद्दाम खाली ठेवा म्हणजे पाणी तिथून ओघळेल. मग तिच्याखाली बाकीचं काम कोरड्यात होतं. स्वयंपाकाचं सगळं एकाच झाकणाच्या डब्यात ठेवा आणि झाकणाच्या आतून यादी चिकटवा. लायटर, चाकू, कॅन ओपनर, स्पंज या चार वस्तू हमखास घरी राहतात.

परतल्यावर

ओला तंबू गुंडाळावा लागला तर घरी आल्याच्या दिवशीच उलगडा. दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात. ओल तशीच राहिली तर आतला जलरोधक लेप चिकट होतो, सुटतो आणि त्याला एक आंबट-कुबट वास येतो. तो लेप परत पहिल्यासारखा होत नाही. तंबू सावलीत वाळवा, माती मऊ ब्रशने झाडा, डिटर्जंट वापरू नका. खुंट्या वेगळ्या पिशवीत, नाहीतर त्यांची टोकं कापड फाडतात. गॅसची उरलेली डबडी वजन करून त्यावर उरलेले ग्रॅम लिहून ठेवा. फोमची गादी झडप उघडी ठेवून, सपाट किंवा सैल गुंडाळून ठेवा, आणि स्लीपिंग बॅग तिच्या घट्ट पिशवीतून काढून मोठ्या सुती खोळीत सैल भरा.